रतनसिंगच्या नावाचा टोला

।। जय सेवालाल ।।

तांडा, साखरा शिवार, ता. सेनगाव
बुधवार, ८ जानेवारी २०२५

चि. निलम हिस दादीचे पोटभर आशीर्वाद.

तर सगळ्यांच्या आधी आली मंजुळाबाई. आपल्या विकासची सासू, दुसरं कोण एवढ्या सकाळी येईल. वारंगा फाट्यावरून पहिलीच गाडी धरली तिनं. गाठोड्यात मेथीचे लाडू, काखेत जुन्या लुगड्याची दुपटी, अन् ओट्यावर पाय ठेवायच्या आधी टोमणा, की इहिणबाई, पणजी झालात तरी केस विंचरायला सवड न्हाई व्हय. मी म्हणलं सवड हाये पण हात रिकामा न्हाई, हातात माझी पणती हाये. लेकरू पुढं केलं तर तिचं तोंड असं उजळलं की पुढचा टोमणा विसरली. नाक माझ्यावर गेलंय, निलम. मंजुळाबाई म्हणती तिच्यावर. जाऊ दे, एवढंसं नाक हाये, दोघींना पुरंल.

पोरगी झाली हे तुला विकासनं फोनवर सांगितलंच असंल. तुझ्या भावजयीचं, संगिताचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं व्हतं, पण कळा लवकर आल्या अन् सेनगावचा दवाखाना जवळ पडला. दोघी मायलेकी धडधाकट हाईत. पुढचं त्यानं सांगितलं नसंल, कारण त्याला तोंड न्हाई. अन् मी फोनवर सांगत न्हाई, कारण फोनवर मी रागावले की तू हसतीस, अन् मग रेंज जाती. कागदावर राग टिकतो. मी दुसरीपर्यंत शिकले ते काय नुसता अंगठा वाचवायला न्हाई.

तर ऐक. आपल्या तांड्यात पोरगा झाला की काशाची थाळी वाजती. पोरगी झाली की चूल पेटती अन् सगळे गप जेवतात. तुझ्या वेळीबी वाजली न्हाई, तुझ्या आत्याच्या वेळीबी न्हाई. या खेपेला मी म्हणलं, वाजवायची. तुझे याडी-बापू, मायबाप दोघंबी, कारखान्यावर उसाला गेलेले, घरात मोठी मी. मला आडवणारं कोण?

थाळी रतनसिंगच्या घरी राहती. माझा धाकटा दीर. तुला लहानपणी खांद्यावर घेऊन बोरं खाऊ घालायचा तोच. पण नगारा अन् थाळी त्याच्या घरी आल्यापासून त्याला वाटतं देवच त्याच्या घरी भाड्यानं राहतो. तो शेतात व्हता. मी सरळ त्याच्या खुंटीवरची थाळी काढली, लाकडी दांडी घेतली, अन् मंजुळाबाईच्या समोर, संगिताच्या समोर, लिंबाखाली उभी राहून टोला दिला. काय सांगू तुला, पोरी. सगळा तांडा बाहेर आला, की पोरगा कुणाला झाला. मी म्हणलं पोरगा न्हाई, पोरगी झाली, माझ्या विकासला. अन् दुसरा टोला दिला.

थाळी मडक्यासारखी बोलली. काठापासून मधापर्यंत चीर गेली अन् एक टवका उडून कोंबड्याच्या पायाशी पडला.

तेवढ्यात रतनसिंग आला. टवका उचलला, सगळ्यांकडं फिरवला, अन् नगारा वाजावा अशा आवाजात बोलला, की बापजाद्यांची थाळी, इतक्या पोरांच्या नावानं वाजली, कधी हूं की चूं केलं न्हाई. पोरीच्या नावानं एकडाव वाजवली अन् फुटली. ही पोरगी तांडा फोडायला आलीय म्हणे.

मी उत्तर द्यायच्या आधी मंजुळाबाई उठली. रडली न्हाई, ओरडली न्हाई. संगिताला म्हणाली चप्पल घाल. लेकरू पदराखाली घेतलं अन् रतनसिंगला सांगितलं, की ज्या तोंडानं बोललात त्याच तोंडानं, याच लिंबाखाली, एवढ्याच आवाजात परत घ्या. तवर हे लेकरू या तांड्याचं पाणी पिणार न्हाई. अन् गेली. विकास टेम्पोच्या टायरकडं बघत उभा. जसं काय टायरमध्ये उत्तर भरलंय.

पाळणा रिकामा हाये, निलम. मी जाता येता हलवते, सवयीनं.

अन् आता तुझ्यावर येते. दिवाळीला तू मला कागद लिहिला व्हतास, की काच फुटती अन् धातू वाकतो, फुटत न्हाई. मी तो कागद लिंबाखाली बसून सगळ्यांना वाचून दाखवला, माझी नात काय शिकली बघा म्हणून. आता तीच माणसं मला इचारतात, की निर्मलाबाई, धातू वाकतो न्हाई का? मग ही थाळी काहून फुटली? आता खरं सांग. तुझं शास्तर खोटं, का माझी पणती खोटी? दोन्ही खरं असंल तर तसं लिही. न्हाई तर लिहू नको.

राग धरून बसलेली, तरी तुझ्या जिवाला जपणारी,
दादी

*

नांदेड
सोमवार, १३ जानेवारी २०२५

ती. दादीच्या पायांशी, निलमचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हॉस्टेलच्या जिन्यातच फोडलं आणि तिथंच बसून वाचलं. खोलीत गेले असते तर बिचाऱ्या रूममेटवर ओरडले असते. तू रागावलीस की मला हसू येतं हे खरं. या वेळी आलं नाही.

आधी विकासदादा. मी त्याला फोन केला. म्हणाला, मोठ्या माणसांपुढं काय बोलू. मी म्हटलं टायरला तोंड नसतं, बापाला असावं लागतं, आणि फोन ठेवून दिला. तो टेम्पो फाट्यावर रोज नेतो ना? मग फाट्यापासून सासुरवाडी किती लांब आहे ते त्याला विचार.

आता तुझा प्रश्न. तुझी पणती खरी आणि माझं शास्त्रही खरं. पण दिवाळीचं पत्र तू चारचौघांत वाचलंस, समजून घेतलं नाहीस. म्हणून पुन्हा लिहिते. तू विचारलं होतंस, की बांगडीवाल्या अमीरबीची काचेची बांगडी टिचते आणि तुझं चांदीचं कडं वाकतं, असं काहून.

काचेत प्रत्येक कणाचं नातं ठरलेल्या शेजाऱ्याशी. त्यालाच धरून बसायचं. धक्का लागून तो शेजारी जरा सरकला की नातं तुटलं, बांगडी टिचली. धातूत तसं नाही. चांदीचा, तांब्याचा एकेक कण आपल्याजवळचे बाहेरच्या बाजूचे इलेक्ट्रॉन मोकळे सोडून देतो. इलेक्ट्रॉन म्हणजे कणाहूनही बारीक, सतत पळणारी चीज. ते मग कुणा एकाचे राहत नाहीत, सगळ्या तुकड्यात हिंडतात. आपल्या तांड्यातली लेकरं कशी, सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी जेवतात, आणि त्या लेकरांमुळंच सगळी घरं एकमेकांना धरून असतात. तसं. म्हणून कणांची एक रांग दुसरीवरून सरकली तरी काही तुटत नाही. जिथं जाईल तिथं लेकरं आहेतच. म्हणून चांदी वाकते, तांब्याचा पत्रा होतो, तार निघते. चहाच्या पातेल्याचा कान तुला भाजतो तोही या हिंडणाऱ्यांमुळंच, ऊब तेच पोचवतात.

पण कासं म्हणजे नुसतं तांबं नव्हे. तांब्यात कथील मिसळलेलं. कथलाचा कण मोठा, तो रांगेत मधे घुसतो, आणि रांगा सहज सरकत नाहीत. गल्लीत आडवी बाज टाकून रतनसिंग आजोबा झोपतात तेव्हा गाडीबैल जसं अडतं, तसं. म्हणून कासं चांदीपेक्षा कडक, आणि म्हणूनच त्याला तो खणखणीत आवाज. कडक आहे, पण ठिसूळ नाही. नाहीतर इतके टोले त्यानं खाल्ले नसते.

मग यंदाच काय झालं? मला एकच संशय आहे. त्या थाळीला कुणी आगीत घातलं होतं का? तुटलेली कड बघ, खडबडीत आणि राखाडी दिसते का. थाळीची पाठ बघ, काळं कवच धरलंय का. आणि ती ज्यांच्या घरी राहते त्यांच्या घरातल्या बाईला विचार. आजोबांना विचारू नकोस.

लेकराला स्वतःची मान अजून सावरत नाही आणि म्हणे तांडा फोडणार. हे वाक्य मी रोज मनात म्हणते आणि रोज नव्यानं संतापते.

लोभ आहेच, तो या रागानं पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
निलम

*

।। जय सेवालाल ।।

तांडा, साखरा शिवार
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. निलम हिस आशीर्वाद. आशीर्वाद अर्धाच देते, बाकीचा राखून ठेवलाय, काहून ते खाली कळंल.

काल अमीरबी बांगड्या घेऊन आली व्हती. ती दोन्ही तांडे फिरती, म्हणून तिच्या तोंडून लेकराची खबर लागती. म्हणाली लेकरू गुटगुटीत झालंय, अन् हसतंय. मी म्हणलं एवढ्या लवकर हसत न्हाई, पोटात वात असंल. तर म्हणती वात असंल तर वात, पण गोड हाये. मंजुळाबाईनं तिच्या हातून माझ्यासाठी निरोप धाडला, की इहिणबाईंना सांग लेकराचं नाक दिवसेंदिवस आमच्यावर जाऊन राहिलं. बघ कशी हाये.

एक चांगलं झालं. तुझा फाट्याचा सवाल मी विकासला शब्दानं शब्द इचारला. दोन दिवस जेवला न्हाई नीट. मग गेला सासुरवाडीला, तर मंजुळाबाईनं अंगणातूनच लेकरू दाखवलं अन् चहा न देता वाटंला लावला. बरं केलं.

आता थाळी. तू सांगितलं तसं बघितलं. कड राखाडी, गुळाच्या ढेपंसारखी रवाळ. पाठीला काळं कवच. मग मी रतनसिंगच्या सुनंला पीठ मागायला गेले अन् पिठाच्या आडून इचारलं. ती बोलून गेली, की पोळ्यापासून थाळीचा काठ दबलेला व्हता, बैलाचा पाय पडून. मामंजींनी पौषाच्या तोंडाला निखाऱ्यांचा आर केला, थाळी लाल तापवली, सांडशीनं काठ सरळ केला, अन् गरम राखंत गाडून ठेवली, दिवसभर, हळूहळू गार व्हायला.

मी तशीच पीठ घेऊन रतनसिंगपुढं उभी. म्हणलं तूच थाळी जाळलीस अन् माझ्या पणतीवर ढकललीस. तर काय म्हणला असंल? तंबाखू मळत म्हणला, की वहिनी, मी मनानं न्हाई केलं. तुमच्याच नातीच्या कागदात व्हतं.

घरी येऊन दिवाळीचा कागद काढला. हाये. तुझ्या हातानं लिहिलेलं हाये, की चांदीचं कडं उघडझाक करून ताठर झालं तर सोनार ते लाल तापवतो अन् निवू देतो, मग रांगा पुन्हा मोकळ्या होतात, कडं मऊ पडतं. मी ते लिंबाखाली मोठ्यानं वाचलं अन् रतनसिंगनं ऐकलं. आता सांग, मी कुणावर रागावू? त्याच्यावर रागावते तर बोट तुझ्याकडं जातं. तुझ्यावर रागावते तर वाचलं मीच.

अन् तो अजून मानत न्हाई. म्हणतो राखंत निवलेली चीज मऊ पडती, हे लोहाराच्या पोरालाबी ठाऊक हाये. इळा कडक करायचा तर पाण्यात बुडवतात, राखंत न्हाई. म्हंजे राखंनं थाळी मऊ झाली असंल, फुटायला दुसरंच कारण. अन् दुसरं कारण म्हंजे ती पोरगी. सगळी माणसं माना हलवून राहिली. मला त्याच्या डोक्यात पीठ घालावं वाटलं, पण ज्वारीचं व्हतं.

पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला सेवालाल जयंती. तवर लेकरू आलं न्हाई तर मी भोग लावणार न्हाई, असं मी बोलून बसलेय. आता काय करायचं ते लिही, अन् या खेपेला असं लिही की चुकीच्या माणसानं ऐकलं तरी आग लागू नये.

अर्धी माया पाठवते, अर्धी तुझ्या उत्तरावर,
दादी

*

नांदेड
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

ती. दादीस कृ. सा. न. वि. वि.

मी चांदी लिहिलं होतं. चांदी आणि तांबं. कासं हा शब्द त्या पत्रात कुठंही नाही, पुन्हा वाच. कुणी मिरची औषध म्हणून डोळ्यात घातली तर मिरची लावणाऱ्यावर रागवायचं का? तुझी अर्धी माया मला नको, पुरी पाठव.

कारण सांगते. चांदीत सगळे कण सारखे. तापवून निवू दिले की आपापल्या जागी नीट बसतात, रांगा मोकळ्या होतात. काशात दोन जातीचे कण आहेत. लाल तापलेलं असताना ते एकमेकांत मिसळून असतात. हळू निववलं की त्यांना सवड मिळते, आणि सवड मिळाली की गट पडतात. त्या गटांचे कडक, ठिसूळ खडे तयार होतात, त्यातून रांग सरकत नाही, आणि टोला पडला की चीर जाते. लाल असतानाच पाण्यात बुडवलं तर गट पडायला सवडच नाही, मिसळलेले ते मिसळलेलेच राहतात. म्हणून काशाची भांडी करणारे ती पाण्यात बुडवतात. लोखंडाचं उलटं आहे, ते पाण्यानं कडक होतं. आजोबांनी इळ्याचं शहाणपण थाळीला लावलं.

आता सांगून पटणार नाही, दाखवावं लागेल. तुझ्याकडं तुझ्या मायच्या दोन काशाच्या वाट्या आहेत ना, तळपायाला तूप लावून घासायच्या? जुळ्या आहेत, म्हणून मागते. तुला जड जाईल हे मला कळतं. दोन्ही एकाच आरात लाल कर, गडद लाल, केशरी होऊ देऊ नकोस, वितळतील. एक गरम राखेत गाड, एक पाण्यात बुडव. गार झाल्या की दोन्हींवर सारखा टोला. डोळ्यांपुढं पदर धर, टवका उडतो.

कोणती टिकेल हे आधी कुणाला सांगू नकोस. मंजुळाबाईंना बोलाव. आणि कोणाच्या नावानं कोणती वाजवायची, ते आजोबांनाच निवडू दे.

थाळी मात्र आता डागून जुळणार नाही, आवाज परत येणार नाही. ती वितळवूनच पुन्हा घडवावी लागेल.

भांडली तरी तुझीच,
निलम

*

तांडा, वारंगा फाट्याजवळ, ता. कळमनुरी
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

श्रीमती इहिणबाई निर्मलाबाई यांस मंजुळाबाईचा रामराम, वि. वि.

तुमचा निरोप अमीरबीनं दिला. तुम्ही वाट्या फोडायला बोलावता. आमच्याकडं मूल झालं की भांडी घेतात, तुमच्याकडं फोडतात, हे आता कळलं.

गुरुवारी येतो. मी अन् आमचे नेमसिंग, दोघंच. लेकरू अन् संगिता येणार न्हाईत. संगिता रोज सांजच्याला विकासच्या टेम्पोचा आवाज ओळखती अन् पोळी करपवती, मला ते दिसून राहिलं, पण माझ्या नातीला कुणी तांडाफोडी म्हणलेल्या जागी मी तिला निजवणार न्हाई. बोलणारा बोलला तिथंच परत घेईल तर बघू. न्हाई घेतलं तर चहा पिऊन परत येऊ, अन् चहाबी गूळ बराबर असंल तरच.

तुमच्याबद्दल मनात काही न्हाई. तुम्ही थाळी वाजवली ते मी विसरले न्हाई. आमच्या तांड्यात तेवढीबी हिंमत कुणी केली न्हाई.

नात्यात कडू पडलं तरी माणूस गोड ठेवा ही विनंती.
मंजुळाबाई
(लिहिणार नेमसिंग. माझ्या बायकोनं सांगितलं तसंच लिहिलं, माझा काही दोष न्हाई.)

*

।। जय सेवालाल ।।

तांडा, साखरा शिवार
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

चि. निलम हिस दादीचे सगळेच्या सगळे आशीर्वाद, राखून ठेवलेलेबी.

काल मंजुळाबाई अन् नेमसिंग आले. चहात गूळ जास्त टाकला मी, बोलायला जागा ठेवली न्हाई. तरी म्हणाली आलं कमी हाये.

माझ्या मायच्या वाट्या काढल्या तवा हात जरा अडकला. त्या वाटीनं माझे पाय घासलेत, तुझ्या बापाचे घासलेत, ताप आला की तुझेबी. पण मग रिकामा पाळणा दिसला, अन् राग आला, अन् रागात हात मोकळा होतो. लिंबाखाली गोवऱ्यांचा आर केला. सगळा तांडा जमला, जसं काय नाटक हाये. रतनसिंग बाज घेऊनच आला, पुढच्या रांगेत.

मी चढ्या आवाजात सांगितलं, की रतनसिंगनं थाळी जशी तापवली तशा या तापवते. एक राखंत, एक पाण्यात. दिवस कलला की दोन्हीवर टोला. एक टोला रतनसिंगच्या नावानं, एक माझ्या पणतीच्या नावानं. ज्याच्या नावाची फुटंल तो तांडा फोडणारा. कबूल हाये का? तो हसून म्हणला कबूल. मी म्हणलं तू थोर माणूस, तूच निवड, तुझी कोणती. क्षणभर थांबला न्हाई, निलम. म्हणला माझी राखंतली, पाण्यातली तुमच्या पोरीला राहू द्या. अन् शेजारच्याला कोपर मारलं, की लाल भांडं पाण्यात घातलं की तडकतंच, वहिनीनं आपल्या हातानं पणतीचं वाटोळं केलं.

मंजुळाबाईचं तोंड उतरलं. मला कानात म्हणाली, हे काय करून राहिलात, त्याची बराबर हाये अन् आपली जाईल. तू सांगितलं व्हतंस सांगू नको. जिभंवर दगड ठेवून बसले. तुला ठाऊक हाये मला ते किती जड जातं. खरं सांगू तर मलाबी पुरा भरवसा नव्हता, कारण तुझ्या कागदानं एकडाव आग लावलेली हायेच.

एक वाटी पाण्यात गेली ती अशी चरचरली की बाया मागं सरकल्या. तडकली मात्र न्हाई. दुसरी राखंत गाडली. तवर नेमसिंगनं रतनसिंगच्या बाजंवर बसून त्याचीच तंबाखू खाल्ली अन् दोघं बैलाच्या भावावर बोलून राहिले, जसं काय लग्नाला आलेत. पुरुषांचं मला कळत न्हाई.

दिवस कलला. राखंतली वाटी काढली. दिसायला तशीच, जरा काळी. रतनसिंग म्हणला द्या टोला, भिऊ नका. मी पदर डोळ्यापुढं धरला, दांडी उचलली, अन् जसा तो त्या दिवशी बोलला व्हता तशा आवाजात म्हणलं, हा टोला माझा दीर रतनसिंग याच्या नावानं.

वाटी खापरासारखी फुटली. तीन तुकडे. एक त्याच्या बाजंखाली गेला.

पहिल्यांदा अमीरबी हसली, ती बांगड्या विकायच्या निमतानं थांबलेली व्हती. मग सगळा तांडा. मी हसले न्हाई. पाण्यातली वाटी घेतली अन् म्हणलं, हा टोला विकासच्या लेकीच्या नावानं. दिला. काठ दबला थोडा, अन् वाटी वाजली. थाळीसारखी न्हाई, वाटीच ती. पण वाजली. अजून एक दिला, अजून एक. मंजुळाबाईनं माझ्या हातातून दांडी घेतली अन् तिनंबी दिला.

मग मी सांगितलं, तुझ्या कागदातलं. की राखंत निवलं तर कण सवडीनं गट करून बसतात अन् कासं ठिसूळ होतं, पाण्यात सवड मिळत न्हाई. म्हणलं, थाळी पोरीनं फोडली न्हाई, राखंनं फोडली. अन् तांडाबी पोरीनं फुटत न्हाई, बाजंवर बसून गट करणाऱ्यांनी फुटतो. रतनसिंगच्या सुनंनं तेवढ्यात सगळ्यांपुढं सांगितलं, की व्हय, मामंजींनी दिवसभर राखंत ठेवली व्हती. बाई खमकी निघाली.

तो उठला, तोंडातल्या तोंडात बोलला, की माझं चुकलं असंल. मंजुळाबाई म्हणाली ऐकू आलं न्हाई. तो परत बोलला. ती म्हणाली त्या दिवशी फाट्यापर्यंत ऐकू आलं व्हतं, आज लिंबापर्यंतबी येईना, घसा बसला का. मग तो तापला, अन् तापला म्हणून आवाज निघाला. म्हणला थाळी मी जाळली, पोरगी तांडा फोडणारी न्हाई, माझा शब्द मी परत घेतो. ऐकलं का आता सगळ्यांनी? सगळे म्हणाले ऐकलं. मग तो मला म्हणला, वहिनी, पण माझ्या नावाची वाटी फुटली, आता मला तांड्याबाहेर काढता का? मी म्हणलं न्हाई काढत. पण फुटक्या थाळीचे अन् वाटीचे सगळे तुकडे तूच गोळा करायचे, तूच भांडी घडवणाऱ्याकडं न्यायचे, अन् नवी थाळी पाण्यात बुडवली का न्हाई ते उभं राहून बघायचं. अन् जयंतीला लेकराच्या नावाचा टोला तूच द्यायचा. तर बाजंखाली वाकून तुकडा शोधून राहिला. त्याची कंबर दुखती, मला ठाऊक हाये. शोधू दिलं.

विकासवर माझा राग अजून हाये, पण काल त्यानं एक केलं. कुणी न सांगता सासूपुढं येऊन उभा राहिला अन् म्हणला, मी त्या दिवशी बोलायला पायजे व्हतं, आज टेम्पो घेऊन येऊ का लेकराला न्यायला. मंजुळाबाईनं त्याला वरून खालपर्यंत बघितलं अन् म्हणाली टेम्पोत माझी नात बसणार न्हाई, त्यात कांद्याचा वास येतो. धुऊन ठेवा.

तो आज सकाळपासून टेम्पो धुऊन राहिलाय. साबण माझा.

आपली थाळी जयंतीपर्यंत घडायची न्हाई, म्हणून मंजुळाबाई तिच्या तांड्याची थाळी घेऊन येणार हाये. जाताना मी म्हणलं तिला आगीपासून लांब ठेवा, तर म्हणाली आमच्याकडं कुणी कागद वाचून दाखवत न्हाई, म्हणून आमची भांडी शाबूत हाईत. नाकाचं भांडणबी लेकरू समोर असताना मिटवायचं ठरलं. नाव त्याच दिवशी ठेवायचं, तवा तू यायलाच पायजे, न्हाई तर नाव मंजुळाबाई ठेवून मोकळी होईल. उरलेली वाटी तुझ्यासाठी ठेवलीय, दबलेली हाये, पण तुझ्या पायाला चालंल.

संगिता, लेकरू अन् मंजुळाबाई, तिघीबी पंधरा तारखेला शनिवारी येतील असं इहिणबाई सांगून गेली, टेम्पोचा वास गेला तर टेम्पोनं, न्हाई तर पहिल्याच गाडीनं.

तुझी, राग उतरत आलेली,
दादी